पैसे खात्यातून गेले, तिकीट मात्र आले नाही: थीम पार्कच्या आगाऊ आरक्षणातील अडचणी आणि त्यांवरील उपाय

मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि नाताळानंतरचा आठवडा या हंगामांत थीम पार्कची तिकिटे आगाऊ काढणाऱ्या कुटुंबांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांची तिकिटे निवडली, तारीख ठरवली, यूपीआयने पैसे भरले, बँकेचा संदेशही आला. पण संकेतस्थळाचे पान ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे दाखवत राहिले आणि शेवटी कोरे झाले. ईमेल नाही, एसएमएस नाही, क्यूआर कोडही नाही. रक्कम लहान नसते, गाडी आणि हॉटेल आधीच ठरलेले असते, आणि त्या तारखेची तिकिटे संपतील ही धास्ती वेगळीच. अशा वेळी बहुतेक जण जे करतात, त्यानेच पुढचा गुंता वाढतो: ते लगेच दुसऱ्यांदा पैसे भरतात.

दुसऱ्यांदा पैसे भरण्यातील धोका नीट समजून घ्यावा. पहिला व्यवहार खरोखर फसलेला असेल, तर ते पैसे नियमाने परत येतात. परंतु तो फसला नसून केवळ रेंगाळला असेल, तर काही वेळाने तोही पूर्ण होतो आणि एकाच तारखेच्या तिकिटांचे दोन संच हातात पडतात. मग हे प्रकरण फसलेल्या व्यवहाराचे राहत नाही. दोन्ही व्यवहार यशस्वी ठरल्यामुळे बँकेला त्यात करण्यासारखे काही उरत नाही आणि पार्कचा ‘विकलेली तिकिटे परत घेतली जात नाहीत’ हा नियम लागू होतो. पार्कने सौजन्य दाखवून एक संच रद्द केला तर उत्तम. पण तो आपला हक्क म्हणून मागणे कठीण जाते. म्हणून पैसे वजा झाल्याचा संदेश आल्यावर किमान अर्धा तास तरी नव्याने पैसे भरू नयेत आणि तो वेळ व्यवहार नेमका कोठे थांबला आहे हे शोधण्यात घालवावा.

व्यवहार कोठे थांबला हे कसे ओळखावे

आपल्या खात्यातून निघालेली रक्कम थेट पार्कच्या तिजोरीत जात नाही. आपली बँक, मधली पेमेंट गेटवे कंपनी आणि पार्कची तिकीट प्रणाली असे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याने पुढच्याला ‘मिळाले’ असा निरोप द्यावा लागतो. पैसे पुढे गेले पण निरोप मध्येच हरवला, अथवा पार्कच्या प्रणालीने ठरवलेली मुदत उलटून गेल्यावर तो पोहोचला, तर खाते वजा होते आणि तिकीट तयार होत नाही. गर्दीच्या दिवशी, त्यातही सवलतीची योजना जाहीर झालेल्या संध्याकाळी, असे वारंवार घडते. मोबाइलवर यूपीआय ॲपमधून ब्राउझरकडे परतताना पान पुन्हा लोड होणे, मागे जाण्याचे बटण दाबले जाणे किंवा फोनने मागे चालू असलेला ब्राउझर बंद करणे, हीदेखील नेहमीची कारणे आहेत.

पहिली तपासणी तिकिटाचीच करावी, कारण पुष्कळदा तिकीट तयार झालेले असते आणि केवळ आपल्यापर्यंत आलेले नसते. पार्कच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये आरक्षणाच्या वेळी दिलेल्या मोबाइल क्रमांकाने प्रवेश करून ‘माझी आरक्षणे’ हा विभाग उघडावा. ईमेलचे स्पॅम आणि प्रमोशन्स हे दोन्ही कप्पे पाहावेत. घाईत ईमेलचा पत्ता चुकीचा लिहिला गेला असेल, तर तिकीट भलत्याच पत्त्यावर गेलेले असते. तरीही मोबाइल क्रमांक आणि व्यवहार क्रमांक यांवरून पार्कचे ग्राहक सेवा केंद्र ते शोधून पुन्हा पाठवू शकते.

दुसरी तपासणी व्यवहाराच्या स्थितीची. यूपीआय ॲपच्या इतिहासात तो व्यवहार उघडल्यावर यशस्वी, प्रलंबित किंवा अयशस्वी यांपैकी एक शेरा दिसतो आणि त्याखाली बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. हा क्रमांक लिहून ठेवावा आणि त्या पडद्याचे छायाचित्र घ्यावे, कारण यापुढचे सर्व संभाषण याच क्रमांकावर चालते. ‘प्रलंबित’ असेल तर थांबणे हाच उपाय आहे. बँका आपसांत ताळमेळ घालून त्याला यशस्वी किंवा अयशस्वी ठरवतात. ‘अयशस्वी’ असूनही खाते वजा झालेले असेल, तर परतावा आपल्या बँकेकडून यायचा असतो. आणि ‘यशस्वी’ असेल, तर पैसे पार्कच्या बाजूला पोहोचलेले असतात. तेव्हा तिकीट देणे किंवा रक्कम परत करणे ही पार्कची जबाबदारी ठरते. ही विभागणी लक्षात ठेवली की बँक पार्ककडे बोट दाखवते आणि पार्क बँकेकडे, या फेऱ्यात आपण अडकत नाही.

नियम काय सांगतो

फसलेल्या व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढले. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम वजा झाली, पण विक्रेत्याच्या प्रणालीत त्याची पुष्टी पोहोचली नाही, अशा यूपीआय आणि ऑनलाइन कार्ड व्यवहारांत ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत जमा झाली पाहिजे. हे दिवस दिनदर्शिकेप्रमाणे मोजायचे असतात. म्हणजे मधला रविवार किंवा बँकेची सुट्टी त्यातून वगळली जात नाही. त्यापुढे उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते आणि ती ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता द्यायची असते, असेही त्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे. माझ्या मते प्रत्येक कुटुंबप्रमुखाला ही तरतूद माहीत असायला हवी. बँकेच्या शाखेत ‘सात ते दहा कामकाजाच्या दिवसांत येतील’ असे ठरीव उत्तर मिळाले, की या परिपत्रकाचा उल्लेख करून लेखी तक्रार द्यावी; तोंडी चौकशीला पुरावा राहत नाही.

तक्रारीचा क्रमही ठरलेला आहे. यूपीआय असेल तर प्रथम ॲपमधील त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवावी, मग आपल्या बँकेकडे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तक्रार फेटाळली किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला शुल्क लागत नाही. पैसे पार्ककडे पोहोचूनही तिकीट आणि परतावा दोन्ही मिळत नसतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ही हेल्पलाइन न्यायालय नव्हे, पण तिथे नोंद झालेली तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि अनेकदा तेवढ्याने प्रकरण हलते.

पार्क म्हणते ‘आम्ही परतावा केव्हाच दिला’ आणि बँक म्हणते ‘आमच्याकडे काही आले नाही’, असा प्रसंग आला तर वाद न घालता पार्ककडे परताव्याचा संदर्भ क्रमांक मागावा. यूपीआयच्या परताव्याला बारा आकडी क्रमांक असतो, तर कार्डाच्या परताव्याला तेवीस आकडी एआरएन हा संदर्भ क्रमांक असतो. परतावा खरोखर निघाला असेल तर हा क्रमांक असतोच. तो घेऊन बँकेकडे गेल्यास बँकेला रक्कम शोधून द्यावी लागते. क्रमांक देता येत नसेल, तर परतावा अजून निघालेलाच नाही असे बहुधा समजावे. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी: परतावा येणार म्हणून बिल थकवू नये. परतावा बिलाच्या देय तारखेनंतर आला, तर दरम्यान थकलेल्या रकमेवर व्याज लागते.

हा सारा खटाटोप चालू असताना त्या तारखेची तिकिटे संपत आली आणि दुसऱ्यांदा पैसे भरणे अपरिहार्य झाले, तर आधी पार्कला ईमेल पाठवावा. त्यात पहिल्या व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम लिहून, ‘तिकीट न मिळाल्यामुळे मी नव्याने आरक्षण करीत आहे; पहिला व्यवहार पूर्ण झाल्यास तो रद्द करून रक्कम परत करावी’ असे स्पष्ट शब्दांत म्हणावे. मग दुसऱ्या बँकेच्या खात्यातून किंवा कार्डाने पैसे भरावेत. दोन संच तयार झालेच, तर आपण आधीच कळवले होते याची वेळेसह नोंद हाताशी राहते आणि परतावा मागताना तिचा मोठा आधार होतो.

पैसे भरलेच जात नाहीत तेव्हा

याच्या उलट अडचण म्हणजे व्यवहार पहिल्याच पायरीवर नाकारला जाणे. देशातील पार्कसाठी हे बहुतेक मर्यादेमुळे होते. यूपीआयची सर्वसाधारण दैनिक मर्यादा एक लाख रुपये असली, तरी बँका स्वतःची कमी मर्यादा ठेवू शकतात. नवीन फोन घेतला असेल किंवा सिमकार्ड बदलले असेल, तर पहिल्या चोवीस तासांत साधारणतः पाच हजार रुपयांपर्यंतच पैसे पाठवता येतात. सणाच्या खरेदीत घरात नवा फोन येतो आणि त्याच आठवड्यात सहलीची तिकिटे काढायची असतात, त्यामुळे हा अडथळा वाटतो त्यापेक्षा अधिक वेळा येतो. अशा वेळी घरातील दुसऱ्या कोणाच्या खात्यातून पैसे भरावेत, परंतु आरक्षणावर मोबाइल क्रमांक मात्र जो माणूस प्रत्यक्ष दारावर असणार आहे त्याचाच द्यावा.

परदेशातील पार्कची तिकिटे काढताना कारण वेगळे असते. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओज असो किंवा टोकियोचे डिस्नीलँड, भारतीय कार्ड नाकारले गेले की लोक संकेतस्थळाला दोष देतात. पण पुष्कळदा कार्डच बंद असते. ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे किंवा बदलून दिलेले कार्ड सुरुवातीला केवळ देशातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांवर चालते; ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार कार्डधारकाने स्वतः सुरू करावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या विभागात जाऊन परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू करावेत, त्यांची मर्यादा तिकिटांच्या एकूण रकमेपेक्षा थोडी जास्त ठेवावी आणि काम झाले की पुन्हा बंद करावेत. एवढे करूनही कार्ड नाकारले गेले, तर नाव कार्डावर छापले आहे तसेच आणि पत्ता बँकेत नोंदवला आहे तसाच लिहिला आहे का, ते पाहावे. नाकारलेल्या प्रयत्नाची रक्कम कधी कधी कार्डावर काही दिवस अडकलेली दिसते. ती प्रत्यक्षात वजा झालेली नसते, फक्त राखून ठेवलेली असते आणि काही दिवसांनी सुटते. पण तोवर तेवढी मर्यादा कमी होते. म्हणून एकाच कार्डावर लागोपाठ प्रयत्न करीत राहू नये.

परदेशी चलनातील खरेदीवर बँक विनिमय शुल्क लावते आणि त्या शुल्कावर जीएसटीही लागतो. संकेतस्थळाने रक्कम रुपयांत दाखवण्याची तयारी दर्शवली तर ती सोय म्हणून स्वीकारू नये. बहुतेक वेळा तो दर आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग असतो. तिकिटे शक्यतो निघण्यापूर्वीच काढावीत, कारण परदेशात पोहोचल्यावर भारतीय सिमवर ओटीपी येण्यासाठी रोमिंग चालू असावे लागते आणि नेमके तेच अनेकांनी केलेले नसते.

चुकीचे तिकीट

पैसे गेले, तिकीटही आले, पण ते चुकीचे निघाले, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा मुलांच्या तिकिटात असते. भारतातील अनेक मोठ्या पार्कमध्ये मुलाचे तिकीट वयावर नव्हे, तर उंचीवर ठरते. आठवीतला मुलगा शाळेत लहान गणला जात असला, तरी दारावरच्या मोजपट्टीपुढे तो प्रौढ ठरू शकतो आणि मग ऐन गर्दीत फरकाची रक्कम भरावी लागते. परदेशांत मात्र वय पाहतात आणि तेही प्रत्येक ठिकाणी वेगळे. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये ३ ते ९ वर्षे वयाच्या मुलांना बालतिकीट मिळते आणि दहाव्या वर्षापासून पूर्ण दर लागतो. युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूरमध्ये बालदर ४ ते १२ या वयोगटासाठी आहे. टोकियोच्या डिस्नी पार्कमध्ये ४ ते ११ हा बालगट, १२ ते १७ हा वेगळा किशोरगट आणि १८पासून प्रौढ अशी विभागणी आहे. अमेरिकेतील नातेवाइकांच्या अनुभवावरून जपानची तिकिटे काढली, की दहा वर्षांच्या मुलीसाठी विनाकारण जास्त पैसे जातात. तिकीट काढण्याच्या आदल्या संध्याकाळी घरात मुलांची उंची चपलांशिवाय मोजून सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवावी आणि त्या पार्कच्या दरपत्रकातील नियम शब्दशः वाचावा. ज्या पाळण्यांसाठी मुलांना नेतो आहोत, त्यांची किमान उंचीची अटही त्याच वेळी पाहावी, कारण ही अट तिकिटाच्या वर्गवारीपेक्षा वेगळी असते.

दुसरी चूक पार्क निवडण्यात होते. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ असलेले इमॅजिका २०१३मध्ये थीम पार्क म्हणून सुरू झाले, पुढे त्याच परिसरात वॉटर पार्क आणि स्नो पार्क आले आणि त्यांची तिकिटे वेगवेगळी आहेत. टोकियोजवळही डिस्नीलँड आणि डिस्नीसी ही शेजारशेजारची दोन स्वतंत्र पार्क आहेत आणि साध्या एकदिवसीय तिकिटावर त्यांपैकी एकातच प्रवेश मिळतो. पैसे भरण्यापूर्वीच्या शेवटच्या पानावर पार्कचे नाव, तारीख, वार आणि प्रत्येक वर्गातील माणसांची संख्या दुसऱ्या कोणाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. निवडणाऱ्याच्या डोळ्यांना स्वतःची चूक सहसा दिसत नाही. तारीख चुकलीच, तर भेटीचा दिवस येण्यापूर्वी तत्काळ कळवावे. परतावा न देणारी अनेक पार्क तारीख बदलून देतात, मात्र ठरावीक मुदतीपूर्वी, आणि नवी तारीख महाग असल्यास फरक घेऊन. तारीख उलटल्यावर यातले काहीच शक्य नसते.

बनावट संकेतस्थळे आणि बनावट मदत

याविषयी मी कळकळीने सांगतो. हंगामात समाजमाध्यमांवर ‘फक्त आज निम्म्या दरात’ अशा जाहिराती येतात, त्या हुबेहूब पार्कसारख्या दिसणाऱ्या पानावर नेतात आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय खात्यात जातात. पैसे पाठवण्यापूर्वी ॲप समोरच्याचे नाव दाखवते. तिथे कंपनीऐवजी अनोळखी माणसाचे नाव दिसले, तर तिथेच थांबावे. व्हॉट्सॲपवरून ‘जास्तीची तिकिटे’ विकणाऱ्यांकडूनही घेऊ नयेत. एकच क्यूआर कोड पाच जणांना विकता येतो, आणि दारावर जो प्रथम पोहोचतो त्यालाच प्रवेश मिळतो.

याहून क्रूर फसवणूक तिकीट अडकलेल्या माणसाची होते. तो घाबरून इंटरनेटवर ग्राहक सेवेचा क्रमांक शोधतो, भामट्याने पेरलेला क्रमांक त्याला सापडतो आणि पलीकडचा गोड आवाजात परतावा देण्यासाठी यूपीआय पिन टाकायला किंवा पडदा दिसेल असे ॲप उतरवायला सांगतो. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही लागत नाही. क्रमांक नेहमी पार्कच्या स्वतःच्या ॲपमधून किंवा आपण पत्ता टाइप करून उघडलेल्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. फसवणूक झालीच, तर संकोच न करता १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत वळवले जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

दारावर

तिकीट ईमेलमध्ये आहे यावर विसंबू नये. पार्कच्या दाराशी हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क शोधत असतात आणि पान उघडत नाही. पीडीएफ आदल्या दिवशी फोनमध्ये उतरवून घ्यावी आणि तिची एक प्रत कुटुंबातील दुसऱ्या मोठ्या माणसाच्या फोनवर ठेवावी. काही पार्क त्यांच्या ॲपमधीलच कोड मागतात आणि पडद्याचे छायाचित्र स्वीकारत नाहीत. तसे असेल तर ॲपमध्ये घरूनच प्रवेश करून ठेवावा. ज्याच्या नावे आरक्षण आहे त्याचे मूळ ओळखपत्र आणि ज्या कार्डाने पैसे भरले ते कार्ड सोबत असावे. कोड वाचला गेला नाही, तर रांगेत वाद घालण्याऐवजी अतिथी सेवा कक्षाकडे जावे आणि तिकीट क्रमांकाआधी बँकेचा व्यवहार क्रमांक दाखवावा. अडकलेली आरक्षणे त्या क्रमांकानेच लवकर सापडतात.